उत्तर: दोन पायथन एकत्र नांदेनात

प्रश्न असा: एकाच मशीनवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुनी-नवी अशा दोन आवृत्त्या आहेत आणि त्या एकत्र नांदत नाहीत. त्यावर कुणीतरी ‘जुनं पायथन उडवून टाका’ असं सुचवलंय. लिनक्सवर तसं अजिबात करू नका! सिस्टीमची कितीतरी टूल्स त्याच पायथनवर चालतात. मी एकदा हा पराक्रम केला, तर अर्धा डेस्कटॉपच गायब झाला.

मुळात दोन आवृत्त्या भांडत नसतात. कमांड कुठे शोधायची हे सांगणाऱ्या ‘पाथ’ या सेटिंगमधल्या फोल्डरांच्या यादीत जी आधी सापडते ती चालते, एवढंच. त्यामुळे आधी टर्मिनलमध्ये ‘टाइप -ए पायथन३’ ही कमांड चालवून क्रम बघा. सगळ्यात वर नवीन दिसतंय आणि चालतंय मात्र जुनंच? मग बॅशनं (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामनं) जुना पत्ता लक्षात ठेवलाय. तो पुसायला ‘हॅश -आर’ मारा. माझी अख्खी दुपार यात गेली होती.

पुढचं सोपं आहे: आवृत्त्या सांभाळायला पायएन्व्ह हे टूल, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हीएन्व्ह, म्हणजे त्याच्या पॅकेजेसची स्वतंत्र जागा. नोडही (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल, तर त्याच्या आवृत्त्यांसाठी एनव्हीएम, पण हवी ती आवृत्ती लिहिलेली ‘.एनव्हीएमआरसी’ फाइल नुसती ठेवून भागत नाही. फोल्डरात शिरल्यावर ‘एनव्हीएम यूज’ म्हणावं लागतं.

आणि टर्मिनलमध्ये बरोबर पण एडिटरमध्ये चूक, असं असेल तर एडिटरचा इंटरप्रिटर (कोड चालवणारं पायथन) वेगळा निवडलेला असणार, तो बघा.