मदत हवी आहे : प्रवासविम्याच्या अर्जात वडिलांचे जुने आजार लिहावेत की नाही?

पूर्णाकाठ (परभणी)
नमस्कार. आई-वडील बहिणीकडे निघाले आहेत आणि त्यांच्या प्रवासविम्याचा अर्ज भरताना 'आधीपासून काही आजार आहे काय' या प्रश्नापाशी माझे घोडे अडले आहे. वडिलांना रक्तदाब आणि साखर आहे, आईला थायरॉइड आहे. एजंट म्हणतो की या वयात 'हो' लिहिले तर हप्ता भरमसाट वाढतो किंवा अर्जच परत येतो, म्हणून मुकाट्याने 'नाही'वर खूण करा. बहीण म्हणते, सगळे लिही. व्हिसाचे कागद द्यायला पुण्याला जायची तारीख तोंडावर आली आहे. कृपया लांबण न लावता, लिहायचे की नाही एवढेच जाणकारांनी सांगावे.

औसेकर
एवढेच सांगता येणे अवघड आहे. बहीण कोणत्या देशात असते, आई-वडिलांची वये काय आणि मुक्काम किती, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. अमेरिकेची गोष्ट निराळी आणि युरोपची निराळी.

जुना प्रतिनिधी (बीड)
मी विमा व्यवसायात उभी हयात घालवली आहे, त्यामुळे ठामपणे सांगतो. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षे उलटली की कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही. लोक उगाच घाबरतात. साखर आणि रक्तदाब आज कोणाला नाही? आपला एजंट चुकीचे सांगत नाही.

पूर्णाकाठ
देश जर्मनी. वडील 72, आई 67. बहिणीचे बाळंतपण असल्यामुळे मुक्काम जवळपास तीन महिन्यांचा होईल. वडिलांची 2019 मध्ये नांदेडला अँजिओप्लास्टी झाली होती, परंतु त्यानंतर त्यांना कसलाही त्रास नाही आणि ते रोज पहाटे फिरायला जातात, म्हणून ती वर लिहिली नव्हती.

धाराशिवचा वकील
बीडच्या काकांचा मान राखून सांगतो की कलम 45 आयुर्विम्याचे आहे. आरोग्यविमा किंवा प्रवासविमा त्यात बसत नाही. आरोग्यविम्यात सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यानंतर कंपनीला, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याचे कारण देता येत नाही हे खरे आहे आणि ही मुदत 2024 मध्ये आठ वर्षांवरून पाचवर आली. मात्र तीन महिन्यांच्या प्रवास पॉलिसीला पाच वर्षे कशी लागू होणार? तिथे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अर्जात लिहिलेले शब्दच कामाला येतात.

जुना प्रतिनिधी (बीड)
वकील साहेब, कायदा आपण वाचला असेल, माणसे मी पाहिली आहेत. दावा करण्याची वेळ शंभरात एखाद्यावर येते.

औषधवाली ताई (अंबाजोगाई)
काका, ज्याच्यावर ती वेळ येते त्याच्यापुरती ती शंभर टक्के असते. पूर्णाकाठ दादा, अँजिओप्लास्टी आपण दुसऱ्या वेळी सांगितली, यावरून गोळ्याही पूर्ण सांगितल्या नसाव्यात असे वाटते. वडिलांच्या गोळ्यांची पाकिटे समोर घेऊन त्यांवरची नावे जशीच्या तशी इथे लिहा.

पूर्णाकाठ
ॲस्पिरिन, ॲटोर्वास्टॅटिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन. आईची थायरॉक्सिन. यापेक्षा काही नाही.

औषधवाली ताई (अंबाजोगाई)
यातील ॲटोर्वास्टॅटिन ही चरबीची, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची, गोळी आहे आणि आपल्या यादीत चरबीचा उल्लेखच नव्हता. दुकानात असे रोज घडते. 'कोणता आजार' म्हणून विचारले की लोक साखर आणि बीपी सांगतात, आणि पिशवी उलटी केली की त्यातून पाच प्रकारच्या गोळ्या निघतात.

आता ज्याला आपण 'जुना झाला, मिटला' म्हणतो त्या आजाराबद्दल. विमा नियामकाच्या आरोग्यविम्याच्या व्याख्येप्रमाणे पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या 36 महिन्यांत ज्याचे निदान झाले, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला किंवा उपचार दिले, तो आधीपासूनचा आजार धरला जातो. अँजिओप्लास्टी 2019 ची असली तरी तिच्यासाठीची ॲस्पिरिन वडील आज सकाळीही घेऊन बसले आहेत, म्हणजे उपचार चालूच आहेत. त्यातून अर्जात 'कधीही झाला होता काय' असा प्रश्न असेल, तर 36 महिन्यांचा हिशेब मांडायचाच नसतो.

सेलूकर
माझ्या मते इथला विमा काढूच नये. बहिणीने तिथल्याच एखाद्या कंपनीची पाहुण्यांसाठीची पॉलिसी काढून द्यावी, ही कटकटच संपेल. आणखी एक, औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्यावी, कारण तिकडे आपल्या कंपन्यांची नावे कोणी ओळखत नाही.

औसेकर
सेलूकर, चिठ्ठीचा सल्ला चांगला आहे, परंतु तो कोणी विचारलेला नाही. तिथल्या पाहुण्यांच्या पॉलिसींतही वयाची आणि जुन्या आजारांची अट असते, त्यामुळे कटकट संपत नाही, फक्त ती जर्मन भाषेत वाचावी लागते.

व्हिसापुरते म्हणाल तर शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, जर्मनीसह युरोपातल्या देशांना) किमान 30,000 युरोचे संरक्षण लागते. ते सर्व शेंगेन देशांत आणि संपूर्ण मुक्कामभर चालू असले पाहिजे आणि त्यात तातडीचे उपचार व आजारी माणसाला किंवा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असला पाहिजे. व्हिसा देणारा अधिकारी ही रक्कम आणि तारखा पाहतो, अर्जात साखर लिहिली की नाही हे तपासत बसत नाही. त्यामुळे व्हिसा मिळाला म्हणजे विमा पक्का झाला असे समजून पुष्कळ जण निर्धास्त होतात. आपल्या एजंटाचे कामही तिथेच संपते.

मुक्कामपोस्ट वसमत
आमच्या घरचा अनुभव लिहिते. सासूबाई दुबईला दिराकडे असताना छातीत दुखू लागले म्हणून त्यांना भरती केले. विम्याच्या अर्जात एजंटाने सगळीकडे 'नाही' भरले होते. भरती करताना डॉक्टरांनी विचारले, तेव्हा दिरांनी साहजिकच खरे सांगितले की आईला दहा वर्षांपासून बीपी आहे. ते वाक्य केसपेपरच्या पहिल्याच ओळीत गेले आणि कंपनीने तीच ओळ आमच्यासमोर ठेवून दावा नाकारला. उपचार करणाऱ्या डॉक्टरपासून आजार लपवणे कोणालाच शक्य नाही, मग अर्जात लपवून काय साधते? बिल दिरांनी कर्ज काढून भरले. एजंट त्यानंतर फोनच उचलत नाही.

धाराशिवचा वकील
वसमतच्या ताईंनी नेमक्या जागी बोट ठेवले. उलट बाजूचे उदाहरण म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2021 चा मनमोहन नंदा प्रकरणातील निकाल पाहावा, तो प्रवासविम्याचाच आहे. अर्जदाराने मधुमेह सांगितला होता आणि पॉलिसीपूर्वी वैद्यकीय तपासणीही झाली होती. अमेरिकेत उतरताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि स्टेंट घालावे लागले. चरबीचा विकार आणि त्यासाठीची स्टॅटिनची गोळी सांगितली नाही, असे कारण देऊन कंपनीने पैसे नाकारले. माणसाची प्रकृती जाणून घेऊन एकदा पॉलिसी दिल्यावर, सांगितलेल्याच आजाराकडे बोट दाखवून दावा फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि निकाल अर्जदाराच्या बाजूने दिला. परंतु झटका 2009 चा आणि निकाल 2021 चा, हेही ध्यानात घ्या. अंबाजोगाईच्या ताईंनी दाखवलेल्या त्या ॲटोर्वास्टॅटिनच्या एका ओळीने एवढी वर्षे वाचू शकतात.

जुना प्रतिनिधी (बीड)
म्हणजे सगळे लिहिले की पैसे मिळतातच, असे आपले म्हणणे आहे काय? तसेही नसते, हे मी पाहिलेले आहे.

धाराशिवचा वकील
इथे मात्र काकांचे म्हणणे बरोबर आहे आणि धाग्यात हीच गोष्ट मागे पडत होती. आजार जाहीर करणे वेगळे आणि त्याला संरक्षण मिळणे वेगळे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास पॉलिसींत आधीचा आजार, जाहीर केला तरी, वगळलेला असतो, किंवा जिवावर बेतले तरच आणि तेही ठरावीक रकमेपर्यंतच धरला जातो. 30,000 युरोच्या पॉलिसीत हृदयविकारासाठी वेगळी आणि पुष्कळ कमी मर्यादा असू शकते. आजार लिहिल्याने वडिलांचे हृदय पूर्ण सुरक्षित होईलच असे नाही. पण ते घसरून पडले, हाड मोडले, न्यूमोनिया झाला, तर 'तुम्ही माहिती दडवली' म्हणून संपूर्ण पॉलिसीच रद्द करण्याचे निमित्त कंपनीला मिळणार नाही.

म्हणून हप्ता भरण्यापूर्वी कंपनीला ईमेल करा. त्यात चारही आजार, अँजिओप्लास्टीचे वर्ष आणि गोळ्यांची नावे लिहा आणि यांपैकी कशाला किती रकमेपर्यंत संरक्षण आहे हे लेखी विचारा. फोनवरचे 'हो सर, सगळं कव्हर आहे' कामाचे नाही. अर्ज एजंटाला भरू देऊ नका, कारण सही वडिलांची असते. भरलेल्या अर्जाची प्रतही मागून घ्या.

पूर्णाकाठ
सर्वांचे आभार. काल अंबाजोगाईच्या ताईंच्या बोलण्यावरून जुनी फाइल काढली. डिस्चार्ज कार्डावर चरबीचा उल्लेख खरोखरच आहे. दोन कंपन्यांना ईमेल केले होते. एकीचे उत्तर आले आहे की आईचा थायरॉइड चालेल, वडिलांच्या हृदयाला जीवघेण्या प्रसंगातच आणि मर्यादित रकमेपर्यंत संरक्षण मिळेल. हप्ता वाढला आहे, पण एजंटाने घातलेल्या भीतीएवढा नाही. एजंट रुसला आहे. दुसरीचे उत्तर अजून आलेले नाही. एकच विचारायचे राहिले आहे. पुढे काही वाद झालाच, तर तक्रार कुठे करायची, परभणीत की जर्मनीत?

धाराशिवचा वकील
पॉलिसी भारतीय कंपनीची असेल तर इथेच. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. मराठवाडा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभरात मात्र अर्ज गेला पाहिजे.

सेलूकर
आणि औषधे हातातल्या बॅगेतच ठेवा, हे मी पुन्हा सांगतो.