वीस मिनिटं डोळे मिटायचे आणि दिवसभर उधळायचे?

वाटसरू
काल इथे एकांनी लिहिलं: "इंद्रियसंयम मठातल्या लोकांसाठी. संसारी माणसाने वीस मिनिटं बसावं, बाकी दिवस मनासारखा जगावा. ध्यान वेगळं, जगणं वेगळं." हे रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मठातल्यांसाठी कसं? विपश्यना ध्यान शिकवणारे गोएंकाजी, त्यांचे गुरू ऊ बा खिन १९४८ साली बर्माचे महालेखापाल झाले. कचेरी सांभाळून त्यांनी साधना शिकवली. गोएंकाजी स्वतः व्यापारी, सहा मुलांचे बाप.

मी २०१४ साली इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, फोन जमा, मौन. तिथे जमलं. घरी महिनाभरात घडी विस्कटली. सकाळ-संध्याकाळ तास तास बसायचो, पण आत चालायचं काय? आदल्या रात्रीचे रील्स. एका जाहिरातीची धून चार दिवस पिच्छा सोडेना. श्वास बघायला नाकाखाली लक्ष नेलं की ती सुरू. शेवटी कल्याणहून सीएसएमटीला जाताना फोन पिशवीच्या तळाशी, जेवणाच्या डब्याखाली ठेवायला लागलो. घाटकोपर येईपर्यंत हात तीनदा पिशवीत जायचा. आठवड्याभराने तो जाताना दिसायला लागला. बसल्यावर तरी दुसरं काय करायचं असतं? पतंजलींच्या योगाच्या आठ अंगांत प्रत्याहार, म्हणजे इंद्रियं विषयांतून मागे घेणं, पाचवा; ध्यान सातवं. उगाच नाही.

रानपाखरू
संयमाने मन शांत होतं हे तुम्ही धरूनच चाललात. माझा अनुभव उलटा आहे. आमच्याकडे चातुर्मास कडक. कांदेनवमीला भजी खाल्ली की कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद. एरवी मला कांद्याचं काही पडलेलं नसायचं, पण ते चार महिने शेजारच्यांच्या फोडणीचा वास आला की पाढे विसरायचे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५९ वा श्लोक बघा. आहार तोडला की विषय सुटतात, गोडी सुटत नाही. बुद्धानेही हाडं दिसेपर्यंत उपास करून ते सोडून दिले.

वाटसरू
अर्धाच श्लोक सांगितलात. पुढे तीच गोडीही जाते असं म्हटलंय, परतत्त्व दिसल्यावर. आणि बुद्धाने उपासमार सोडली, इंद्रियांची दारं राखायला तर तो भिक्खूंना सांगतच राहिला. राखणं म्हणजे दाबणं नव्हे. तुमच्यावर ते लहानपणी लादलं गेलं, त्याचा राग साधनेवर काढू नका.

माई सांगलीकर
तुमचे श्लोक झाले असतील तर स्वयंपाकघरातलं ऐका. आमचे हे शिबिराहून आले आणि दुपारी बारानंतर जेवेनासे झाले. म्हणून साडेअकराला गरम पोळ्या. मुलगा दोनला येतो, तेव्हा परत तवा. सासूबाईंना रात्री आठला भाकरी. ह्यांनी कांदा सोडला, म्हणजे दोन फोडण्या. संध्याकाळी हे बसले की आवाज नको. डाळ लावलेली असते आणि मी कुकरसमोर उभी. शिट्टी हलायला लागली की गॅस बंद. वाफ जिरली की परत लावायचा. सहा वर्षं आमच्याकडची डाळ एकसारखी शिजलेली नाही. इंद्रियं ह्यांची, संयम मी करतेय.

जुना साधक
ताई, चांगल्या विद्येला बदनाम करू नका. दुपारनंतर न जेवणं जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, शिबिरापुरतं असतं, तिथे आठ शीलं, म्हणजे पाळायचे नियम. घरी पाचच. त्यात ना कांदा आहे ना कुकर. तुमच्या मिस्टरांना कळलं नाही, हा त्यांचा दोष.

माई सांगलीकर
बदनाम कुठे केलं? घरात घडतं ते सांगितलं. आणि दर वेळी "त्यांना कळलं नाही" म्हणून तुम्ही मोकळे कसे होता? न कळलेल्यांची जेवणं कोण करतं?

रानपाखरू
माईंना शंभर टक्के अनुमोदन. माझी आई एकादशीला पाण्यावर राहायची आणि उपास करणाऱ्यांची खिचडी वेगळी, न करणाऱ्यांची पोळीभाजी वेगळी करायची. संध्याकाळी तिचे हात थरथरायचे. तिला कुणी साधक म्हटलं नाही.

जुना साधक
विषय इंद्रियसंयमाचा होता, इथे घरकामाची गाऱ्हाणी चालली आहेत. असल्या चर्चेत मला वेळ घालवायचा नाही.

पाटीपेन्सिल
जाऊ नका, मला खरंच विचारायचंय. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. बारा तास मॉनिटरचे आवाज. कान आवरले तर पेशंट हातचा जाईल. घरी आल्यावरही कानात तेच चालू असतं. मग मी काय राखायचं?

जुना साधक
कामाच्या वेळी काहीच आवरायचं नाही. ऐकायचं, करायचं ते करायचं. परतीच्या वाटेवर मात्र कानात आणखी काही घालू नका. गाणी नकोत, बातम्या नकोत. एवढं महिनाभर करून बघा.

वाटसरू
माईंचं पटलं. जड गेलं, पण पटलं. वाचल्यावर बायकोला विचारलं, माझ्या बसण्याचा तुला कधी त्रास झाला का? म्हणाली, "पहाटे तू बसलास की मी कप बशीत ठेवत नाही. हातात धरूनच चहा पिते, किणकिण नको म्हणून." इतकी वर्षं मला पत्ता नाही. स्वतःच्या हाताची हालचाल टिपत होतो आणि पलीकडच्या खोलीतलं हे दिसलं नाही. तरी डोळ्या-कानांबद्दल लिहिलेलं मागे घेत नाही. रात्रीचे रील्स सकाळी आत येतात ते येतातच. फक्त शांतता दुसऱ्याकडून वसूल करायची नाही, हे त्यात लिहायला हवं होतं.

रानपाखरू
मग चातुर्मासाचंही मान्य करा.

वाटसरू
लहान मुलांपुरतं मान्य.

माई सांगलीकर
आत्ता डाळ लावली होती. हे आत बसलेत. तीन शिट्ट्या होऊ दिल्या, बाहेर कुणी आलं नाही. पोळ्यांचं उद्या काढते.