कूलरचा पंप बंद झाला की नोडएमसीयू (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो

प्रश्न (सदर, नागपूर):
कूलरचा पंप ५ व्होल्ट रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आहे. पंप चालू होताना काही नाही, बंद होताना दर दोन-तीन वेळेला बोर्ड रीसेट. शिवाय गच्चीवरचा डीएचटी११ (तापमानाचा सेन्सर) दुपारी ५० अंशांवर अडकतो. कोड दोनदा तपासला.

उत्तर १:
कोड सोडा भाऊ. पंपाची मोटर बंद होताना रिलेच्या संपर्कात ठिणगी पडते, तो गोंगाट बोर्डात शिरतो. १०० ओहम, १ वॉट रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ कपॅसिटर (घरच्या विजेवर थेट लावायचा सुरक्षित प्रकार) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडून पंपाच्या दोन तारांच्या मध्ये लावा. रिलेच्या संपर्कावर नको. तिथे लावला तर पंप बंद असतानाही ७ मिलिअँपिअर करंट सतत गळतो. कपॅसिटर एक्स२च हवा, साधा चालणार नाही. काम प्लग काढूनच.

उत्तर २:
वरचं बरोबर. रिले मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलचा पुरवठा) जंपर, म्हणजे पिना जोडणारी छोटी टोपी, असेल तर काढा, कॉइलला वेगळा ५ व्होल्ट द्या, त्या पुरवठ्याचा आणि बोर्डाचा ग्राउंड जोडू नका.

डीएचटी११ची मर्यादाच ५०, तीही २ अंश इकडे-तिकडे. मे महिन्यात आपल्या गच्चीवर उन्हातला डबा त्यापुढे जाणारच! डीएस१८बी२० हा सेन्सर घ्या, १२५ अंशांपर्यंत चालतो. त्याची डेटाची तार आणि ३.३ व्होल्ट यांमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. आणि डबा सावलीत.

प्रश्नकर्ता:
पंपावर लावला, वीस वेळा चालू-बंद केलं, एकदाही रीसेट नाही. जंपर उद्या.