कारेन ओल्सेन : मुत्सद्दी की नुसत्याच राजदूत?

धागाकर्ता

पॅरिस हवामान कराराच्या निमित्ताने २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाच्या प्रमुख क्रिस्तियाना फिगेरेस हे नाव आपल्याकडे बरेच छापून आले. भारताच्या बाजूने त्या वाटाघाटींत पर्यावरणमंत्री म्हणून आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर होते, त्यामुळे मराठी वृत्तपत्रांनीही त्या बातम्या जरा सविस्तर दिल्या. क्रिस्तियानाबाईंच्या मातोश्री कारेन ओल्सेन यांच्याविषयी मात्र कोणी चार ओळी लिहिलेल्या मला आठवत नाहीत. डॅनिश वंशाच्या आणि अमेरिकेत वाढलेल्या या बाईंनी १९५४ साली मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकाचे अध्यक्ष होसे फिगेरेस यांच्याशी लग्न केले. त्या १९५८ पर्यंत आणि पुन्हा १९७० ते १९७४ अशा दोनदा त्या देशाच्या प्रथम महिला होत्या, १९८२ साली इस्रायलमध्ये राजदूत झाल्या आणि १९९० ते १९९४ या काळात संसदेच्या सदस्य होत्या.

माझे म्हणणे असे की ही कारकीर्द नवऱ्याच्या पुण्याईवर उभी नाही. फिगेरेस यांनी १९४८ च्या यादवी युद्धानंतर देशाचे सैन्यच बरखास्त केले. राजधानी सान होसेतील बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः हातोडा घातला. त्याच बराकीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. ज्या देशाला सैन्य नाही त्याचे संरक्षण वाटाघाटींवर चालते, आणि त्याचा धडा कारेनबाईंना लग्नाला वर्ष होण्याच्या आतच मिळाला. जानेवारी १९५५ मध्ये शेजारच्या निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा याच्या पाठबळावर बंडखोर देशात घुसले, तेव्हा कोस्टा रिकाने अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेकडे दाद मागितली आणि अमेरिकेने चार मस्टँग लढाऊ विमाने प्रत्येकी एक डॉलर या किमतीला विकली. (विमान एका डॉलरला! आमच्या वाण्याने एवढी सूट कधी दिली नाही.) ज्या घरात हे सारे घडले त्या घरातली बाई पुढे राजदूत झाली, तर तिला मुत्सद्दी म्हणायला काय हरकत आहे?

चौकस

हरकत आहे. घरात काय घडले हे पाहणे वेगळे आणि ते घडवणे वेगळे. वकिलाच्या घरी वीस वर्षे राहिल्याने सनद मिळत नाही.

राजदूतपद कोणी दिले तेही पाहा. १९८२ साली अध्यक्ष झालेले लुईस आल्बेर्तो मोंगे ‘राष्ट्रीय मुक्ती पक्षा’चे, आणि तो पक्ष १९५१ साली फिगेरेस यांनीच उभा केलेला. संस्थापकाच्या पत्नीला पक्षाच्या सरकारने दूतावास दिला, यात मला कर्तृत्व दिसत नाही. त्याच वर्षी मुलगी क्रिस्तियाना पश्चिम जर्मनीत बॉनच्या दूतावासात रुजू झाली, म्हणजे मायलेकी एकदमच परराष्ट्र सेवेत. थोरला मुलगा होसे मारिया १९९४ साली अध्यक्ष झाला. आपल्याकडे याला घराणेशाही म्हणतात. परदेशात घडली म्हणून तिचे नाव बदलू नये.

लेखणीवाली

चौकस, तुम्ही म्हणता ती घराणेशाही मी नाकारत नाही, परंतु तिचा हिशेब बाईच्याच खात्यावर का मांडला जातो, हे मला कधी कळलेले नाही. विजयालक्ष्मी पंडित १९४७ मध्ये मॉस्कोला राजदूत म्हणून गेल्या तेव्हा त्या पंतप्रधानांच्या बहीण होत्याच. सहा वर्षांनी त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा हे नाते उगाळण्याचे कारण उरले नाही. पद कसे मिळाले यापेक्षा पदावर असताना काय केले, हे विचारावे.

शिवाय संसदेतली चार वर्षे आपण दोघांनीही एका ओळीत उरकलीत. १९९० ची निवडणूक यांचा पक्ष हरला. अध्यक्ष झाले ते राफाएल आंखेल काल्देरोन फुर्निएर, म्हणजे १९४८ मध्ये फिगेरेस ज्यांच्याविरुद्ध लढले त्या काल्देरोन यांचे चिरंजीव. संसद मे महिन्यात बसली आणि ८ जूनला फिगेरेस वारले. नवरा गेलेला, सरकार जुन्या वैऱ्याच्या मुलाचे, आणि बाई विरोधी बाकावर. त्या काळात कोणाची पुण्याई कामी येणार होती?

चौकस

ताई, चित्र हृद्य आहे, पण तिथल्या निवडणुकीची रीत लक्षात घ्या. कोस्टा रिकाच्या संसदेत ५७ जागा आहेत आणि मतदार उमेदवाराला नव्हे, तर प्रांतातील पक्षाच्या बंद यादीला मत देतो. यादीत वर कोणाचे नाव घालायचे हे पक्ष ठरवतो. म्हणजे तिथेही पुण्याई आधीच कामी आली होती. उलट १९७३ साली रॉबर्ट व्हेस्को हा अमेरिकेतून फरारी झालेला भांडवलदार फिगेरेस यांच्या आश्रयाला आला आणि त्याचे पैसे खुद्द अध्यक्षांच्या शेतीकंपनीत गुंतलेले निघाले, तेव्हा प्रथम महिला कारेनबाईच होत्या. घरातल्या वाटाघाटींचे श्रेय द्यायचे, तर घरातल्या या व्यवहाराचे काय करायचे?

लेखणीवाली

त्याचे उत्तरदायित्व नवऱ्याचे. आणि आपल्याच पहिल्या प्रतिसादातील न्यायाने, पाहणे वेगळे आणि करणे वेगळे.

धागाकर्ता

चौकस, व्हेस्कोचा मुद्दा लेखणीवालींनी तुमच्यावरच उलटवला, पण तो माझ्यावरही उलटतो. १९५५ ची विमाने कारेनबाईंच्या खाती जमा केली ती मी.

लेखणीवालींच्या कसोटीबद्दल मात्र एक अडचण आहे, आणि ती माझ्या बाजूच्या विरुद्ध जाते. १९८० च्या ठराव ४७८ मध्ये सुरक्षा परिषदेने जेरुसलेममधून दूतावास हलवण्याचे आवाहन केलेले होते. तरीही मोंगे सरकारने १९८२ साली कोस्टा रिकाचा दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला नेला, आणि तो परत येण्यासाठी २००६ उजाडावे लागले. मोंगे यांच्या निर्णयासाठी कारेनबाईंना जबाबदार धरता येत नाही, कारण राजदूत धोरण ठरवत नाही, ते पोहोचवतो. परंतु मग त्या पदावरून त्यांना मुत्सद्दी म्हणणेही तितकेसे टिकत नाही. मुत्सद्दी या शब्दात डावपेच आले, स्वतःच्या बुद्धीने वळवलेला प्रसंग आला. माझ्या हातात त्यांच्या बाबतीत दाखवायला तसा एकही प्रसंग नाही.

घराणेशाहीचा आरोप मी अजून पुरता मान्य करत नाही. यादीतले स्थान आयते मिळाले असले तरी त्या बाकावर चार वर्षे बसावे त्यांनाच लागले. मात्र शीर्षकातील ‘मुत्सद्दी’ माझ्यापुरता मागे घेतो आणि ‘राजदूत’ ठेवतो.

चौकस

मग ‘नुसत्याच’ हा शब्द मीही मागे घेतो.