चर्चा: ५५,५७३ मुलं आणि ६७ वर्षं उशिरा आलेलं स्मारक

सह्यकडा

गेल्या महिन्यात मुलीकडे लंडनला होतो. ग्रीन पार्कच्या कोपऱ्यावर बॉम्बर कमांडचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचं, स्मारक आहे, तिथे एक दुपार गेली. ब्राँझचे सात जण उभे आहेत, माणसापेक्षा बरेच उंच, नुकतेच मोहिमेवरून उतरल्यासारखे. अंगावर पट्टे, पायात जाड बूट, चेहऱ्यावर जागरण. वरच्या छतात हॅलिफॅक्स जातीच्या एका बॉम्बफेकी विमानाचं ॲल्युमिनियम वापरलंय. ते विमान १९४४ मध्ये बेल्जियममध्ये पडलं आणि १९९७ मध्ये चिखलातून वर काढलं, तेव्हा आत तिघांचे अवशेष होते. मी मान वर करून त्या छताकडे बघत राहिलो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी उड्डाणं केली. सगळे स्वेच्छेने आलेले. ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे, पोलिश. त्यातले ५५,५७३ गेले, म्हणजे शंभरातले ४४. वय बहुतेकांचं विशीच्या आगेमागे. तीस मोहिमा पुऱ्या केल्या की एक पाळी संपायची, आणि तीसपर्यंत पोचणं किती जणांच्या नशिबी होतं ते वरच्या आकड्यावरून समजा.

युद्ध संपलं आणि या मुलांचं नाव घेणं सगळ्यांना अवघड होऊन बसलं. ड्रेस्डेन हे जर्मन शहर बॉम्बहल्ल्यात जळल्यावर महिना-दीड महिन्यात, २८ मार्च १९४५ ला, चर्चिल यांनी टिपण लिहिलं की नुसती दहशत वाढवण्यासाठी जर्मन शहरांवर बॉम्ब टाकण्याचा फेरविचार व्हावा. इतकी वर्षं हे धोरण ज्या मंत्रिमंडळाने चालवलं, त्याचेच प्रमुख हे लिहीत होते! सेनाधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा टिपण मागे घेऊन सौम्य भाषेत पुन्हा लिहिलं गेलं. पण हात झटकायचे ते झटकून झाले होते. या दलाला स्वतंत्र पदक नाही, २०१३ मध्ये फितीवर लावायची एक पट्टी मिळाली. स्मारक २०१२ मध्ये, तोवर बहुतेक जण गेलेले.

माझं मत स्पष्ट आहे. धोरणाचा दोष धोरण ठरवणाऱ्यांवर. या मुलांचा सन्मान १९४६ मध्येच व्हायला हवा होता. तुम्हाला काय वाटतं?

सांजवात

असहमत, आणि तुमचं लिखाण मन लावून वाचून असहमत.

मी तीन वर्षं हॅम्बुर्गला होते. ऑफिस हामरब्रुक भागात होतं. काचेच्या इमारती, कालवे, संध्याकाळी सहानंतर चिटपाखरू नाही. मला वाटायचं, एवढ्या जुन्या शहरात हा भाग इतका नवा आणि ओसाड कसा? एका सहकाऱ्याने सांगितलं, इथे कामगारांची दाट वस्ती होती. २७ जुलै १९४३ च्या रात्री सातशेहून अधिक विमानं आली. कोरडा उन्हाळा, आगी एकमेकींना मिळाल्या आणि आगीचं वादळ उठलं. डांबर वितळलं, धावणाऱ्यांचे पाय त्यात रुतले. तळघरात लपलेले तळघरातच गेले. त्याची आजी त्या रात्री गावाला होती म्हणून तो आहे.

तुम्ही ५५,५७३ हा आकडा शेवटच्या अंकापर्यंत लिहिलात. चांगलं केलंत, प्रत्येकाचं नाव नोंदलेलं आहे. हॅम्बुर्गचा आकडा असा कुणालाच लिहिता येत नाही. ३५ ते ४० हजारांच्या दरम्यान, एवढंच. कारण मोजायला काही उरलंच नव्हतं. ब्राँझच्या सात जणांसमोर उभं राहिलं की मला तो न लिहिता येणारा आकडा आठवतो. भिंतीवर सर्व देशांतल्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्यांचा उल्लेख कोरला आहे, माहीत आहे. पण पुतळे कुणाचे आहेत?

दर्यावर्दी

वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री आधी कुणी जाळलं? इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १४ नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीत ५६८ माणसं गेली. १९४१ साली ब्रिटनकडे जर्मनीपर्यंत पोचेल असं दुसरं काय होतं? रशियन मरत होते आणि दुसरी आघाडी उघडायला अजून तीन वर्षं होती. हिटलरला पत्र लिहायचं होतं का?

सांजवात

@दर्यावर्दी, हामरब्रुकच्या तळघरातल्या पोरांनी कॉव्हेंट्री जाळलं नव्हतं. एवढंच.

खिळेमोळे

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक गोष्ट सुटतेय, ती म्हणजे हे धोरण आलं कुठून. ते सूडातून आलं नाही, नेम चुकण्यातून आलं.

सुरुवातीला ही विमानं कारखाने, रेल्वे, तेलसाठे यांवर पाठवत. ऑगस्ट १९४१ मध्ये विमानांनीच काढलेले फोटो तपासून बट अहवाल झाला. लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. जर्मनीच्या कारखानदारी ऱ्हुर खोऱ्यात, धुरक्यात, दहातलं एक. मग प्रश्न असा झाला की रात्री अंधारात आपल्याला नेमकं काय सापडतं? तर शहर. १४ फेब्रुवारी १९४२ चा आदेश त्यातून निघाला: शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य हेच लक्ष्य. आर्थर हॅरिस कमांडचे प्रमुख म्हणून आले ते त्यानंतर आठवड्याभराने. सगळं खापर त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर फोडतात ते म्हणूनच मला पटत नाही. त्यांनी ते हट्टाने पुढे रेटलं, हे मात्र खरं.

आता विमानाविषयी, कारण माझा जीव त्यातच आहे. लँकेस्टर, म्हणजे कमांडचं मुख्य बॉम्बफेकी विमान, हे उत्तम यंत्र होतं. चार मर्लिन इंजिनं, आणि त्या काळी युरोपात कुणी उचलत नव्हतं इतका बोजा. ७,३७७ बनली. पण आतून ते माणसांसाठी बनवलेलंच नव्हतं. मधोमध पंखांचा आडवा तुळईसारखा भाग, जाड कपडे घालून तो ओलांडायचा म्हणजे कुंपणावरून उडी. शेपटीतला गनर सात-आठ तास एकटा, उणे तीस-चाळीस अंशांत, आणि पॅराशूट त्याच्या खोबणीत मावत नाही म्हणून मागच्या दाराबाहेर टांगलेलं. पेटल्यावर दार उघडून, हात लांबवून, ते घेऊन, बांधून मग उडी. पुढे बसणाऱ्यांना उडी मारायला नाकात खाली एक झडप होती, बावीस इंच रुंद. हॅलिफॅक्सची झडप त्याहून दोनेक इंच मोठी.

पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झालेले फ्रीमन डायसन तेव्हा विशीही न गाठलेले, कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करायचे. पाडलेल्या हॅलिफॅक्समधून साधारण शंभरातले पंचवीस जगत, लँकेस्टरमधून पंधरा, असं त्यांनी पुढे लिहिलं. त्यांचा सहकारी झडप मोठी करा म्हणून कागद पाठवत राहिला, आणि निर्णय होईतो युद्ध संपत आलं. दोन इंच! बायकोच्या शिवणाच्या टेपवर बावीस आणि चोवीस इंच मोजून बघा, आणि हिवाळी कोट, त्यावर पट्टे, अशा अवतारात त्यातून खाली जायचं आहे असं समजा.

सह्यकडा, या मुलांवर अन्याय झाला हे मला मान्य. पण तो स्मारक उशिरा झालं यापेक्षा इथे झाला.

वाचनवेडी

खिळेमोळे यांचा प्रतिसाद फार आवडला, पण त्यातून मुलं फक्त बळी ठरतात, आणि तिथे मी थांबते.

ही मुलं स्वेच्छेने आली होती. खाली काय जळतंय ते त्यांना दिसत होतं. मग ती नाही म्हणू शकत होती का? कागदावर हो. प्रत्यक्षात, जो म्हणाला की आता माझ्याने होत नाही, त्याच्या कागदांवर एल.एम.एफ. म्हणजे नैतिक धैर्याचा अभाव असा शिक्का पडायचा, हुद्दा जायचा, सोबत्यांचा निरोपही घेऊ न देता तळावरून हलवायचे. वीस मोहिमा करून एकविसाव्याला हात थरथरले तरी. ज्या व्यवस्थेने हे केलं तिला मी माफ करत नाही.

पण त्या दिवसांत सगळे गप्प होते असंही नाही. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात उभं राहून विचारलं की अख्खी शहरं पुसणं हे आपल्या युद्धहेतूत कसं बसतं. युद्ध चालू असताना, स्वतःच्या देशात! तेव्हा 'त्या काळात असंच होतं' हे उत्तर इथे कुणी देऊ नये.

लोहगावकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

माझे आजोबा हवाई दलात तंत्रज्ञ होते, पन्नाशीच्या दशकात पुण्याला लोहगावच्या सहा नंबर स्क्वाड्रनमध्ये. त्यांच्याकडे लिबरेटर होती, अमेरिकन बनावटीची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ती कानपूरला मोडून टाकली होती, कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून. एचएएलच्या लोकांनी ढिगातून चाळीसेक उभी केली, आणि चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती तशीच ठिगळं लावलेली बंगळूरला उडवत नेली. आपल्या हवाई दलात ती १९६८ पर्यंत चालली. आजोबांच्या स्क्वाड्रनचं काम समुद्रावरच्या टेहळणीचं.

आजोबा सांगायचे, पोटाखालची दारं दुकानाच्या शटरसारखी बाजूने वर सरकायची. आत मधून जायला वीतभर रुंदीची पट्टी. दारं उघडी असताना त्यावरून चालायचं, खाली नुसता समुद्र. एकदा त्यांच्या हातून पाना निसटला. "पडताना दिसला, पोचलेला दिसला नाही," एवढंच म्हणायचे. मी विचारलं होतं, आजोबा, ही विमानं आधी कुठे होती? ते म्हणाले, इथल्या तळांवरून ब्रह्मदेशावर जायची. तिथे कुणावर काय पडलं हे आम्ही विचारलं नाही, आम्हाला इंजिनं चालू ठेवायची होती.

सांजवात यांचा प्रतिसाद वाचल्यापासून तो पाना डोळ्यांसमोरून जात नाही.

मेपलपान

ओंटारिओतल्या हॅमिल्टनहून लिहितोय. जगात उडणारी दोनच लँकेस्टर उरली आहेत, एक इंग्लंडमध्ये आणि एक आमच्या इथे. उन्हाळ्यात घरावरून जाते. आवाज कानाआधी छातीत कळतो, शेजारचे म्हातारे अंगणात येऊन उभे राहतात. कॅनडाचे सुमारे दहा हजार या कमांडमध्ये गेले, त्यामुळे इथे हा विषय घरचा आहे.

ओटावाच्या युद्धसंग्रहालयात एक छोटा फलक होता. या बॉम्बहल्ल्यांचं मोल आणि नैतिकता यांवर आजही तीव्र मतभेद आहेत, एवढाच त्याचा आशय. माजी सैनिकांच्या संघटनांना तो अपमान वाटला. प्रकरण सिनेटच्या समितीपर्यंत गेलं आणि २००७ मध्ये संग्रहालयाने मजकूर बदलला. मला ते लागलं. त्या म्हाताऱ्यांबद्दल मला आदर आहे, तरीही. सह्यकडा, तुमचं यावर मत काय? सन्मान करायचा म्हणजे मतभेद आहेत एवढंही लिहायचं नाही का?

सह्यकडा

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

सांजवात, आकड्याबद्दलचं तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही. मी तो आकडा अभिमानाने शेवटपर्यंत लिहिला होता, आणि दुसरा आकडा धाग्यात आलाच नव्हता हे माझ्या लक्षातही आलं नाही. वाचनवेडी, बिशप बेल यांच्याबद्दल मला माहीत नव्हतं. 'धोरणाचा दोष धोरणकर्त्यांवर' हे मी फार सोपं करून टाकलं होतं, पण एल.एम.एफ.चा शिक्का माथी घ्यायला मी एकविसाव्या वर्षी तयार झालो असतो असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, म्हणून त्या मुलांना दोष द्यायला जीभ रेटत नाही.

मेपलपान, तो फलक बदलायला नको होता. स्मारक असावं, १९४६ मध्येच असावं, हे माझं मत अजून तसंच आहे. पण फलकावरचा तो मजकूर जसा होता तसा राहायला हवा होता. मुलीला सांगितलंय, पुढच्या वेळी हॅम्बुर्गला जाऊ. सांजवात, सेंट निकोलाय चर्चचा जळका मनोरा आणि त्याखालचं संग्रहालय मला माहीत आहे. हामरब्रुकमध्ये नेमकं कुठे उभं राहायचं ते तुम्ही सांगा.