अनुभव धागा: निवृत्तिवेतनातील शासनाचा वाटा तुमच्यापर्यंत कसा पोहोचला?

केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ पासून आणि राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची, म्हणजे दरमहा वाटा भरण्याची, योजना लागू झाली; तिलाच आज राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना म्हणतात. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम कर्मचाऱ्याची. शासनाचा वाटाही आधी तेवढाच होता, तो १ एप्रिल २०१९ पासून चौदा टक्के झाला. जुनी पेन्शन हवी की नको, यावर मार्च २०२३ च्या संपापासून पुष्कळ बोलून झाले आहे. इथे फक्त शासनाच्या वाट्याविषयी, तोही स्वतःचा अनुभव लिहावा. कार्यालयांची व अधिकाऱ्यांची नावे कृपया टाळावीत.

वेतन देयके पाहणारी लिपिक, फोर्ट

राज्याची वेतन देयके जिच्यावर बनतात त्या सेवार्थ प्रणालीत शासनाचा वाटा आधी वेतनात मिळवला जातो आणि मग वजातीत दाखवला जातो, त्यामुळे नवीन लागलेली मुले हमखास विचारतात, “मॅडम, आमचे हे जास्तीचे पैसे का कापले?” मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ६०,००० होत असतील, तर कर्मचाऱ्याचे ६,००० आणि शासनाचे ८,४०० असे १४,४०० रुपये प्रान खात्यात, म्हणजे या योजनेतील कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात, जातात. हा वाटा प्राप्तिकरासाठी उत्पन्नात धरून मग वजा करावा लागतो (१९६१ च्या कायद्यात कलम ८०सीसीडी(२) खाली). केंद्राच्या कर्मचाऱ्यांना चौदा टक्क्यांची वजावट आणि राज्याच्या कर्मचाऱ्यांना दहाचीच, असा प्रकार २०२२ च्या अर्थसंकल्पापर्यंत चालला. दुरुस्ती पूर्वलक्षी झाली खरी, परंतु तोवर जादा कर भरलेल्यांची समजूत मलाच घालावी लागली.

अनुदानित शाळेतील शिक्षिका, विक्रोळी

माझ्या पगारातून कपात नियमित होत होती, तरी प्रान क्रमांक मिळायला फार उशीर झाला. पुढे खाते उघडले आणि व्यवहारांचा उतारा काढला, तेव्हा काही महिन्यांसमोर माझे अंशदान दिसत होते, पण शासनाच्या वाट्याचा रकाना कोरा होता; काही महिने तर दोन्ही रकाने कोरे होते. मी वेतनचिठ्ठ्या महिन्यांच्या क्रमाने लावल्या, उताऱ्याशी ताडून एक तक्ता केला आणि मुख्याध्यापकांच्या सहीने वर पाठवला. “अनुदान उपलब्ध झाल्यावर वाटा जमा होईल,” असे उत्तर आले. पुढे बराचसा वाटा जमा झालाही, आणि तिथेच माझा खरा प्रश्न सुरू झाला. या योजनेत पैसे ज्या दिवशी गुंतवले जातात त्या दिवसाच्या भावाने युनिटे मिळतात. वाटा वेळेवर आला असता तर मधल्या काळात बाजार जेवढा चढला, तेवढी वाढ माझ्या खात्यात दिसली असती. रुपये पूर्ण आले, युनिटे कमी आली. ही तूट कोणी भरून द्यायची, याचे लेखी उत्तर मला अजून मिळालेले नाही.

सेवानिवृत्त अव्वल कारकून, मुलुंड

ताई, आमच्या वेळी शासनाचा वाटा अशी रक्कमच नव्हती. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे मिळणारे निवृत्तिवेतन शासन चालू वर्षाच्या तिजोरीतून देते. त्यासाठी आमच्या नावाने काही साठवलेले नसते आणि भविष्य निर्वाह निधीत जातो तो आमचाच पैसा. म्हणून वाटा अडकल्याची तक्रार आम्हाला ठाऊक नव्हती. आमची फाईल अडकायची, तीही सेवापुस्तकातील एखाद्या राहून गेलेल्या नोंदीवरून.

रेल्वे कर्मचाऱ्याचा मुलगा, कुर्ला

वडील सेवेत असताना वारले. आम्हाला जुन्या नियमांखालील कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले. अशा वेळी खात्यातील शासनाचा वाटा, त्यावरील परताव्यासह, शासनाकडे परत जातो आणि फक्त कर्मचाऱ्याचा वाटा, त्याच्या परताव्यासह, वारसांना मिळतो. उताऱ्यावरची रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांतील अंतर पाहून आईला फसवणूक झाल्यासारखे वाटले. दरमहा महागाई सवलतीसह येणारे निवृत्तिवेतन धरून हिशोब मांडला, तेव्हा तिला ते पटले. हे कोणी आधीच सांगितले असते, तर तिचा तेवढा मनस्ताप वाचला असता.

केंद्र शासनाचा कर्मचारी, अँटॉप हिल

केंद्राच्या कर्मचाऱ्यांना पर्याय म्हणून दिलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत १ एप्रिल २०२५ पासून शासनाचा वाटा १८.५ टक्के झाला, असे ठळक छापून आले. त्यातले दहा टक्केच आपल्या नावावर जमा होतात, ८.५ टक्के सामायिक निधीत जातात. वरच्या ६०,००० च्या हिशोबात माझ्या खात्यात ८,४०० ऐवजी ६,०००, आणि सर्वांच्या निधीत ५,१००. बदल्यात २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आणि मागे जोडीदाराला त्या निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के. मुलांपर्यंत मात्र काही उरत नाही. राष्ट्रीय योजनेत वार्षिकी, म्हणजे साठलेल्या पैशातून ठरावीक काळाने मिळणारी रक्कम, घेताना मूळ रक्कम वारसांना परत देणारा पर्याय तरी निवडता येतो. आमच्या वसाहतीत पर्याय निवडण्याच्या ३० नोव्हेंबर २०२५ च्या मुदतीपर्यंत यावर घरोघरी वाद झाले. मी उशिरा नोकरीला लागलो, माझी २५ वर्षे भरत नाहीत आणि पत्नीलाही तिचे निवृत्तिवेतन आहे, म्हणून मी राष्ट्रीय योजनेतच राहिलो. शेजारच्या सहकाऱ्यांनी, घरात दुसरे उत्पन्न नसल्यामुळे, हमी घेतली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.