नरकासुराच्या देखाव्यात 'एन्काउंटर' कशाला?

सांतिनेजकर: आपल्या गोव्यात दिवाळीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात, त्याला मारणारा कृष्णही देखाव्यात असतो. यंदा वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराच्या रात्री त्या कृष्णाला पोलिसाची खाकी चढवून हातात पिस्तूल द्यायचं ठरवलंय, वर लाउडस्पीकरवर गोळ्यांचा आवाज. वर्गणी मागायला आली तेव्हा मी नाही म्हटलं. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी 23 सप्टेंबर 2024 ला पोलीस गाडीतच गोळी लागून मेला, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला, तो वाचायला कोणाला सवड होती?

म्हापशेंची: त्या मुली बालवाडीत होत्या हो! तक्रार नोंदवायला आईबापांना ठाण्यात तासन् तास ताटकळत ठेवलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा कुठे यंत्रणा हलली. मला दोन मुली आहेत. तुमचं कायद्याचं शहाणपण पोट भरल्यावरचं.

सांतिनेजकर: म्हणजे तक्रार घ्यायला टाळाटाळ करणारं खातं हेच, आणि गोळी झाडली की त्याच्यावर डोळे मिटून विश्वास? शिवाय आरोपी गेला की त्याच्यावरचा खटलाही संपला. उलटतपासणीत आणखी कोणाची नावं निघाली असती, ते आता कोण सांगणार?

डिचोलीचो: नरकासुराला कोणी वकील दिला होता? सणाच्या दिवशी कशाला हे. पोरं रात्र रात्र जागून तो बांधतात, तुम्ही पहाटे कारीट फोडा, फोव (पोहे) खा आणि गप्प बसा. 😄

पर्वरीवाली: फोवांवरून आठवलं. नरकासुर जळून गेला की रस्त्यावर लोखंडी तार आणि जळके बांबू उरतात. गेल्या वर्षी उजाडता उजाडता एक बाई गोणी घेऊन तार वेचत होती, हात कोपरापर्यंत काळे. आमच्याकडे ताकातले, रोसातले, तिखशे असे सगळे फोव झाले होते, सोबत तोंडी लावायला आंबाड्याचं करम. तिला बोलावून वाढलं. करम दोनदा मागून घेतलं. खाता खाता सहज म्हणाली, नवरा रात्रीपासून चौकीवर बसलाय. खोलीच्या मालकाने भाडेकरू पडताळणीचा फॉर्मच भरला नव्हता. मालक घरी, हा चौकीवर! पिस्तूलवाल्या कृष्णाला टाळ्या वाजवणाऱ्यांनी असली माणसं डोळ्यांसमोर आणावी. बंगलेवाल्याला कोण उचलून नेतो?

डिचोलीचो: गरीब म्हणजे निर्दोष, असं थोडंच आहे?

पर्वरीवाली: नाहीच. ते कोर्टाने ठरवायचं, एवढंच म्हणते. 2019 ला हैदराबादेत बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी चकमकीत मारलं तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या सिरपूरकर आयोगाने 2022 मध्ये सांगितलं की गोळ्या जिवे मारण्याच्या हेतूनेच झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. त्या चौघांतले तिघे अल्पवयीन होते, असंही आयोगाचं म्हणणं.

म्हापशेंची: आयोगाचा अहवाल यायलाच अडीच वर्षं लागली, बघा. चकमकीनंतर काय करायचं याची नियमावली सर्वोच्च न्यायालयाने 2014 लाच घालून दिलीय, ती तरी कोण पाळतं? माझ्या मुलीवर वेळ आली तर निकाल किती वर्षांत लागेल, तेवढं लिहून द्या. मग मीही वर्गणी देणार नाही.